मृताची साक्ष आणि वाचकांचा कौल

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आमच्याकडे अजूनही ओसरीवरच बसतो. माजघरात त्यास सहसा प्रवेश मिळत नाही. प्रवासात वेळ घालविण्यास ती चालते, परंतु तिच्याविषयी गंभीरपणे बोलणे म्हणजे पंगतीत बसून चण्यांची चर्चा करण्यासारखे आहे, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज सर्वस्वी खरा नव्हे. एखादी रहस्यकथा वाचून लोक आपसांत भांडू लागले, की त्या भांडणात त्यांच्या न्यायाच्या, मृत्यूच्या व सभ्यतेच्या कल्पना उघड्या पडतात. आणि त्या कल्पनांचा विचार करणे हे टीकेचे काम आहे. अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची १९९० साली प्रसिद्ध झालेली ‘पोस्टमॉर्टेम’ ही पहिली कादंबरी आम्ही येथे विचारार्थ घेतो ती याच कारणाने.

हे पुस्तक सहजासहजी जन्मास आले नाही. कॉर्नवेलबाईंनी प्रथम वृत्तपत्रात गुन्ह्यांच्या वार्ता लिहिल्या. पुढे व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी, मुख्य वैद्यकीय परीक्षकाच्या कचेरीत, त्यांनी शास्त्रीय लेखनाचे व संगणकाचे काम केले. आधी लिहिलेल्या कादंबऱ्या छापल्याच गेल्या नाहीत आणि हीही अनेक प्रकाशकांनी परत पाठविली. अखेर ती प्रसिद्ध झाली, आणि एडगर, क्रीझी, अँथनी व मॅकॅव्हिटी असे रहस्यकथेच्या क्षेत्रातील मानाचे पुरस्कार एकट्या या पहिल्या पुस्तकास लाभले. शेरलॉक होम्सची पहिली कथा १८८७ साली निघाली तेव्हा तिचे फारसे कौतुक झाले नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे या यशाचे महत्त्व कळते.

कथानक थोडक्यात असे : रिचमंड शहरात एकामागून एक स्त्रियांचे त्यांच्या राहत्या घरी गळा आवळून खून होत आहेत. मृत स्त्रियांत परस्परसंबंध कोणताच दिसत नाही. राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षक डॉक्टर के स्कार्पेटा या प्रेतांची परीक्षा करून खुन्याचा माग काढू पाहतात. कथाही त्याच सांगतात. पोलीस अधिकारी मरिनो हा फटकळ गृहस्थ त्यांच्या जोडीस आहे, आणि वरिष्ठांपैकी काहींची त्यांच्या खुर्चीवर वक्रदृष्टी आहे.

आमच्या गोमंतकातील देवळांत कौल लावण्याची चाल आहे. पाकळी उजवीकडची पडली की उजवा कौल, डावीकडची पडली की डावा. वाचकांचा कौल इतका सरळ नसतो. या पुस्तकाच्या बाबतीत तर एकच गोष्ट एकास उजवी वाटली व दुसऱ्यास डावी. त्यांतील मुख्य कौलांचा परामर्श आम्ही घेतो.

पहिला वाद शवागारातील तपशिलाचा. बहुसंख्य वाचकांनी पुस्तक उचलून धरले ते यासाठीच. प्रेतांच्या अंगावर डोळ्यांस न दिसणारे कण आहेत; प्रयोगशाळेतील प्रखर किरण पडताच ते लखलखतात. हे कण कशाचे, ते अंगावर आले कोठून, या एका प्रश्नाभोवती पानेच्या पाने फिरतात आणि वाचक कंटाळत नाही. दुसऱ्या पक्षास मात्र हे सारे किळसवाणे वाटले. गेलेल्या जीवाची अशी चिरफाड चवीने वाचावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न आमच्या वाचकांस परका नाही. घरात आकस्मिक मृत्यू घडला आणि सरकारी परीक्षेची गोष्ट निघाली, की ‘आता त्या देहाची विटंबना नको’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि त्या म्हणण्यामागे माया असते.

परंतु याच परंपरेत सुश्रुतही आहे. प्रेतास गवताने वेढून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग कुंचीने हळुवार घासत त्वचेपासून आतील अवयवांपर्यंत सारे डोळ्यांनी पाहावे, असा विधी त्याने शारीरस्थानात सांगितला आहे. मृत देह उघडणे व त्याची विटंबना करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या आचार्यास ठाऊक होते. भेद आहे तो हेतूचा व हाताचा. स्कार्पेटाबाईंच्या हाताविषयी आम्हांस शंका नाही. त्या मृत स्त्रीस वस्तू मानीत नाहीत. जी आता बोलू शकत नाही तिची साक्ष घेण्यास आपण बसलो आहोत, अशा भावनेने त्या काम करतात. म्हणून तपशिलाच्या बाबतीत आमचा कौल उजवा.

दुसरा वाद खुन्याचा. पुष्कळ वाचकांची तक्रार अशी, की शेवटी जो सापडतो त्याची आपणांस आधी ओळखच करून दिलेली नाही. मग आपण तर्क करावयाचा तो कोणाविषयी? ही तक्रार शास्त्राला धरून आहे. १९२९ साली इंग्रज लेखक रोनल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे जे नियम सांगितले, त्यांत गुन्हेगार कथेच्या प्रारंभीच्या भागात आला पाहिजे हा पहिलाच आहे. तथापि येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, अशा प्रकारचा खुनी प्रत्यक्षातही बहुधा अनोळखीच असतो. तो मृताच्या दिवाणखान्यात चहा घेत बसलेला नसतो. दुसरी, ‘कोण’ एवढ्याच प्रश्नावर कथा जगते असे नाही. कीर्तनास बसलेल्या श्रोत्यास हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे पाठ असते. तरी बुवा उत्तररंगात आख्यान रंगवू लागले की तो उठत नाही. त्यास ‘कसे’ हवे असते. कॉर्नवेलबाईंच्या कथेतील रस या ‘कसे’मध्ये आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर व काळापहाडवर वाढलेल्या मराठी वाचकास ही गोष्ट नवीन वाटेल. तेथे नायकाचे धाडस व वेषांतर कथा पुढे नेते. येथे ते काम कापडाचा धागा, साबणाचा कण व प्रयोगशाळेचा अहवाल करतो.

आमची तक्रार निराळी आहे व ती अधिक गंभीर आहे. जी कथा पानेच्या पाने पुराव्याच्या धीरावर चालली, ती शेवटी धीर सोडते. खुन्यास डिवचण्यासाठी वृत्तपत्रात मजकूर छापून आणला जातो, आणि तो रात्री थेट नायिकेच्याच शयनगृहात येऊन उभा राहतो. निकाल लावते ती मरिनोच्या पिस्तुलातील गोळी. मग इतके दिवस सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणविले ते कशासाठी? ज्या पुराव्याने न्यायासनापुढे उभे राहावयाचे, त्यास न्यायासन दिसतच नाही. शास्त्र सत्यापर्यंत पोहोचविते, अशी या पुस्तकाची प्रतिज्ञा. तिचा भंग पुस्तकच करते. मृतांची साक्ष नोंदविली गेली, पण ती कोणी ऐकली नाही.

तिसरा वाद नीतीचा. रिचमंड शहरी १९८७ साली खरोखरच असे खून झाले होते. त्यांतील एक बळी शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणारी डॉक्टर होती. कादंबरीतही तशी एक आहे. मधे तीनच वर्षे गेलेली. ज्यांच्या घरचे दुःख अजून ओले होते त्यांच्या दाराशी कथेचा बाजार मांडावा काय, असे ज्यांस वाटले त्यांस आम्ही दोष देणार नाही. परंतु वास्तवाची तुलना केली असता आम्हांस एक उलटीच उणीव जाणवते. प्रत्यक्षातील गुन्हेगार टिमोथी स्पेन्सर याचा अपराध डीएनए-परीक्षेने शाबीत झाला, आणि १९९४ साली त्यास देहान्त शासन झाले. अशा पुराव्याच्या बळावर अमेरिकेत झालेले हे पहिलेच देहान्त शासन म्हणून ओळखले जाते. त्याने १९८४ साली केलेल्या एका खुनासाठी भलताच माणूस शिक्षा भोगीत होता. स्पेन्सरचा छडा लागल्यावर तो १९८९ साली सुटला. शास्त्राची खरी थोरवी अपराध्यास पकडण्यात जितकी, तितकीच निरपराध्यास सोडविण्यात आहे. वास्तवाजवळ असलेले हे मोठे नाट्य कादंबरीने हाताशी घेतले नाही. वास्तवाच्या जवळ गेल्याबद्दल वाचक तिला दोष देतात; वास्तवातून थोडे घेतले, हा आमचा दोषारोप.

आजचे तरुण वाचक आणखी एक कुरकूर करतात : यातील संगणक जुनापुराणा, तारेवरून चोरवाटेने शिरणारा परका हात पोरकट, डीएनएच्या अहवालासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहणे असह्य. या आक्षेपात आम्हांस दम दिसत नाही. बैलगाडीच्या काळातील कथेत मोटार नाही म्हणून कोणी रुसत नाही. किंबहुना हे पुस्तक ज्या काळाचे, त्याच सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेत लालजी सिंग व त्यांचे सहकारी भारतीय डीएनए-परीक्षेची पद्धत सिद्ध करीत होते. हैदराबादकर मराठी वाचकाने हे पुस्तक त्या दृष्टीने वाचावे. एक नवी विद्या न्यायमंदिराच्या पायरीवर कशी बिचकत उभी होती, याचे ते चित्र आहे.

एकंदरीत पाहता हे निर्दोष पुस्तक नव्हे. पहिले पुस्तक सहसा नसतेच. शेवट उतावळा आहे, पण मधला भाग मोलाचा आहे. आपल्या वाचनालयाच्या कपाटात ते असावे, मात्र प्रौढांच्या. ज्यांचे मन कोवळे त्यांनी ते रात्री एकटे असताना उघडू नये. आणि ज्यांस शवागाराचे नावही अमंगळ वाटते त्यांस आमचे एवढेच सांगणे, की अग्नीस देह देण्यापूर्वी त्याचे अखेरचे म्हणणे ऐकून घेणे हेही एक ऋण आहे. ते फेडण्यासाठी कोणीतरी त्या थंड खोलीत शांतपणे उभे राहावे लागते. या कादंबरीने त्या माणसाकडे आदराने पाहावयास शिकविले, आणि त्याबद्दल आमचा कौल तिच्या बाजूने आहे.