क्लाराच्या वह्या आणि पांचाचे मौन

इसाबेल आयेंदे यांची ‘ला कासा दे लोस एस्पीरितुस’ ही स्पॅनिश कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅग्दा बोगिन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९८५ मध्ये आला. निव्हेआ, क्लारा, ब्लांका आणि आल्बा अशा चार पिढ्यांतील स्त्रियांभोवती ही कुटुंबकथा गुंफलेली आहे. देशाचे नाव कोठेही येत नाही. तथापि ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत झालेला लष्करी उठाव उत्तरार्धात सहज ओळखता येतो.

उत्तरार्धात अद्भुत ओसरते आणि कादंबरी वृत्तान्ताकडे झुकते, असा आक्षेप घेता येईल. निरीक्षण खरे आहे. मात्र तो रचनेचा दोष मानता येत नाही. स्पर्श न करता मिठाचे भांडे हलवणारी, मृत्यूची पूर्वसूचना देणारी क्लारा घरातील नित्यव्यवहाराच्याच सुरात आपल्यासमोर येते. तिच्या मृत्यूनंतर वास्तूला अवकळा येते. पुढे लष्करी कोठडीत आल्बाचा छळ होतो, तेव्हा क्लाराचा आत्मा येतो खरा, पण दार उघडत नाही. मनातल्या मनात लिहीत राहा, एवढेच तो नातीला सुचवतो. अद्भुताचे अखेरचे कार्य सुटका करणे हे नसून स्मृती जागी ठेवणे हे आहे.

परंतु ही स्मृती कोणाची, हा प्रश्न येथेच उभा राहतो. क्लाराच्या वह्या आल्बाच्या हाती आहेत. जमीनदार एस्तेबान त्रुएबालाही प्रथमपुरुषी निवेदनाचा अधिकार मिळाला आहे. त्याने जिच्यावर बलात्कार केला त्या पांचा गार्सिया या शेतकरी मुलीची मात्र वही नाही आणि तिचा आत्माही कोणाला भेटायला येत नाही. तिच्या घराण्यात त्या अत्याचाराची स्मृती केवळ सूडाच्या रूपाने उरते. तिचाच नातू लष्करी अधिकारी होऊन आल्बाचा छळ करतो.

सूडाची ही साखळी तोडण्याचा आल्बाचा निर्णय उदात्त आहे. तरीही क्षमेचा उच्चार ज्या घरात लेखणी आहे त्याच घरातून होतो, हे विसरता येत नाही. आजोबांचा अपराध आणि आपल्या यातना यांचे नाते आल्बा स्वतःच जोडून दाखवते, यात लेखिकेचा प्रामाणिकपणा दिसतो. पण त्या नात्याचे दुसरे टोक, पांचाच्या बाजूचे, अलिखितच राहते. कादंबरी वाचून झाल्यावर क्लाराच्या चमत्कारांहून ती रिकामी जागाच अधिक काळ अस्वस्थ करते.