कासवांचे नियम आणि ओले सरपण

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत शेअर बाजार कशाला, असं दोघा-तिघांनी येण्याआधीच विचारलं. प्रश्न रास्त आहे. 'आजवर असं होत आलं, म्हणून उद्याही होईल' या अनुमानाची चिकित्सा आम्ही नोकरीची सगळी वर्षं फळ्यावर केली. पण त्या अनुमानावर रोज सकाळी सव्वानऊला पैसे लावणारी माणसं आम्हाला भेटली ती निवृत्तीनंतर. त्यांत जुने विद्यार्थी होते, सोसायटीतले शेजारी होते, आणि खोटं कशाला बोला, काही काळ आम्ही स्वतःही होतो. तेव्हा आजचं बोलणं थोडं पुस्तकाचं आहे आणि थोडं अनुभवाचं.

पुस्तक आहे कर्टिस फेथ यांचं 'वे ऑफ द टर्टल', २००७ साली आलेलं. यांत्रिक पद्धतीने व्यापार करू पाहणाऱ्यांमध्ये ते फार वाचलं जातं. यांत्रिक पद्धत म्हणजे काय? तर केव्हा घ्यायचं, किती घ्यायचं, केव्हा विकायचं हे सगळं आधीच नियमांत लिहून ठेवायचं आणि ऐन वेळी डोकं चालवायचं नाही. नियम जुन्या भावांवर चालवून बघायचा, याला बॅकटेस्ट म्हणतात. पसंत पडला की खऱ्या पैशावर चालवायचा.

या पुस्तकामागची हकिकत थोडक्यात सांगतो. शिकागोचा रिचर्ड डेनिस हा वायदेबाजारातला नामांकित व्यापारी. त्याचा मित्र विल्यम एकहार्ट. व्यापार शिकवता येतो असं डेनिसचं म्हणणं, येत नाही असं एकहार्टचं. पैज लागली. १९८३ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन डेनिसने माणसं निवडली, पहिल्या तुकडीला दोन आठवडे शिकवलं आणि व्यापाराला बसवलं. सिंगापूरला त्याने कासवं वाढवताना पाहिली होती, म्हणून या मंडळींचं नाव पडलं 'टर्टल्स', कासवं. फेथ त्यांतलाच एक, तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा.

नियम अगदी साधे होते. भाव मागच्या २० दिवसांच्या उच्चांकाच्या वर गेला की घ्या. दुसऱ्या, संथ पद्धतीत ५५ दिवसांच्या. एका दिवसात भाव साधारण किती हलतो याची सरासरी काढा, आणि तेवढी हालचाल झाली तर भांडवलाच्या एक टक्का फरक पडेल इतकाच माल एका वेळी घ्या. त्या सरासरीच्या दुप्पट भाव विरुद्ध गेला की मुकाट्याने बाहेर पडा. सगळे नियम फेथने पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत. गुपित असं काही उरलेलं नाही.

आधी गुण सांगितले पाहिजेत. या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत बॅकटेस्ट म्हणजे प्रमाणपत्र असतं. फेथ मात्र एक अख्खं प्रकरण बॅकटेस्ट कशी फसवते यावर खर्च करतो. तो चार कारणं देतो. एक, पद्धत चालते हे कळलं की तिची नक्कल होते आणि ती चालेनाशी होते. दोन, निव्वळ योगायोग. तीन, आकडे निवडून निवडून सगळ्यांत चांगला आकडा घेतला की पुढचा निकाल मागच्यापेक्षा कमीच येण्याचा संभव. चार, नियमांवर नियम चढवत तो भूतकाळाच्या अंगाला शिंप्याने बेतावा तसा बेतणे.

यांतलं योगायोगाचं प्रकरण आपण नीट समजून घेऊ, कारण काकतालीय न्याय आपल्याकडे फार जुना आहे. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं. एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला मोबाइलवर आलेख दाखवला. रेषा जिन्यासारखी वर चढत गेलेली. म्हणाला, "सर, सात वर्षांची बॅकटेस्ट आहे." आम्ही विचारलं, "किती सिस्टीम तपासून ही निवडलीस?" तो म्हणाला, "शंभर-दीडशे तरी असतील." आता बघा, १,०२४ माणसांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवलं, तर सरासरीने एकाला दहाही वेळा छापा येतो. तो माणूस पुढे आला तर आपण त्याला नाणेफेकीतला आचार्य म्हणू का? उरलेल्या १,०२३ जणांना विचारल्याशिवाय त्याच्या दहा छाप्यांना अर्थ नाही. पण आलेख दाखवणारा फक्त त्या एकालाच घेऊन येतो.

आमचीही फजिती ऐका. निवृत्तीनंतर आम्ही चौकटीच्या वहीत निफ्टीवर ५५ दिवसांचा नियम पेन्सिलीने चालवला. निकाल इतका गोड आला की आम्हालाच संशय आला. चूक सापडायला आठवडा लागला. ज्या दिवशीचा बंद भाव उच्चांक ओलांडत होता, त्याच बंद भावाला आम्ही वहीत खरेदी मांडली होती. बाजार साडेतीनला बंद होतो. बंद भाव कळेपर्यंत त्या भावाने घेण्याची वेळ टळलेली असते. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर पेपर लिहायला बसावं, तसं हे झालं. अशीच दुसरी चूक आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेऊन वीस वर्षं मागे जाणारे करतात. सत्यम कॉम्प्युटर २००९ च्या जानेवारीपर्यंत निफ्टीत होती. आजच्या यादीत ती भेटतच नाही. बुडालेल्यांना वगळून पोहण्याची सरासरी काढली तर पोहणं सुरक्षितच दिसणार.

इथपर्यंत फेथशी आमचं भांडण नाही. भांडण पुढे आहे.

आपल्या नैयायिकांनी अनुमानाची चर्चा करताना 'उपाधी' नावाची एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. लोखंडाचा गोळा तापून लाल होतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? सरपण ओलं असतं म्हणून. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. ती नजरेतून सुटली की आपण धुराचं श्रेय अग्नीला देऊन बसतो. हजार चुली पाहिल्या तरी ही चूक दुरुस्त होत नाही, कारण हजारही चुलींत सरपण ओलंच असतं. बॅकटेस्टवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ती चुली मोजते, सरपणाला हात लावून बघत नाही.

कासवांच्या यशातलं ओलं सरपण कोणतं? फेथचं उत्तर आहे: नियम अधिक मनाची शिस्त. त्यासाठी तो पहिल्याच महिन्यातला प्रसंग सांगतो. हीटिंग ऑइलमध्ये जोरदार तेजी आली. नियम सर्वांना सारखे, शिक्षक एकच. तरी त्याच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण मात्रेत माल त्याने घेतला, इतर बहुतेकांनी हात आखडता घेतला. म्हणजे नियम कळणं वेगळं आणि पाळणं वेगळं. इथे पुस्तक फार खरं बोलतं. एकहार्टची पैज पूर्ण हरली असंही मग म्हणता येत नाही, कारण वर्गात वाटता आले ते नियम. ते पाळण्याची ताकद सारखी वाटता आली नाही.

पण पुस्तक तिथेच थांबतं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहतो. पैसे कुणाचे होते? डेनिसचे. तोटा झाला तर कासवाच्या घरातली चूल विझणार नव्हती. शिस्त ही मनाची गोष्ट आहेच, पण ती आधी पैशाची गोष्ट आहे. स्वतः डेनिसच्या हातच्या सार्वजनिक फंडांना पुढे मोठा तोटा झाला आणि १९८८ साली ते बंद झाले. नियम देणाऱ्याला बाजाराचं ज्ञान कमी होतं असं कोण म्हणेल? पण दुसऱ्याचा पैसा किती तोटा सोसेल, हे त्याच्या नियमांत लिहिलेलं नव्हतं.

हा तोटा किती येतो याचा एक साधा हिशेब करू. या प्रकारच्या पद्धतींत बरेचसे सौदे छोट्या तोट्याचे आणि मोजके मोठ्या नफ्याचे असतात. शंभरांतले ३५ सौदे नफ्याचे धरा आणि प्रत्येक सौदा स्वतंत्र धरा. तर दोनशे सौद्यांत कधीतरी लागोपाठ दहा तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे लागोपाठ दहा तोटे ही पद्धत बिघडल्याची खूण नव्हे. पद्धत ठीक असतानाही ते येतातच. पण सातव्या-आठव्या तोट्यावर उभ्या असलेल्या माणसाला, ही ठीक पद्धतीची वाईट वेळ आहे की बिघडलेल्या पद्धतीची सुरुवात, हे ओळखण्याचा उपाय नसतो. दोन्ही आतून सारखेच दिसतात.

आमचं तिथेच संपलं. वही दुरुस्त करून, थोड्या पैशांनी आम्ही खरंच सुरुवात केली होती. पाच तोटे सलग झाले. सहाव्याची तयारी होती. मन डळमळलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याच महिन्यात सोसायटीच्या दुरुस्तीची वर्गणी निघाली, मोठी होती. पैसे काढून चेक दिला. पुढचा संकेत आला, तो नफ्याचा निघाला, तेव्हा आमच्या खात्यात त्याच्यासाठी रक्कम नव्हती. आमच्या कुठल्याही बॅकटेस्टमध्ये सोसायटीची वर्गणी नव्हती, हो!

अंमलबजावणीतली दुसरी अडचण बाजाराकडून येते. १८ मे २००९ आठवा. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले होते. सोमवारी बाजार उघडताच वरच्या सर्किटला लागला, थांबला, पुन्हा उघडला, पुन्हा लागला आणि दिवसभरासाठी बंद झाला. शुक्रवारी ३,६७२ च्या आसपास असलेला निफ्टी ४,३२३ वर थांबला. मंदी करून बसलेल्याचा स्टॉपलॉस समजा ३,७५० ला होता. वहीतला माणूस ३,७५० ला बाहेर पडतो, कारण वहीत भाव एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर जाताना वाटेत थांबतो. खऱ्या बाजारात त्या भावाला कुणी विकणाराच नसेल, तर स्टॉपलॉस ही नुसती इच्छा उरते. साडेसहाशे गुणांची उडी, तेव्हाचा पन्नासचा लॉट. एका लॉटमागे सुमारे साडेबत्तीस हजार.

मग काही जण म्हणतात, माणूसच मधून काढून टाका. यंत्राला ना भीती, ना लोभ. बरोबर आहे. पण नाइट कॅपिटल या कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी जुना जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा करून बसला. भीती वाटली असती तर कदाचित तो थांबला असता.

आता आपल्या दाराशी येऊ. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांतल्या, म्हणजे २०२१-२२ ते २०२३-२४ मधल्या, फ्युचर-ऑप्शनवाल्यांचा हिशेब आहे. एक कोटीहून अधिक व्यक्तिगत व्यापारी, त्यांतले ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यापार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यातला ९६ टक्के नफा अल्गोमधून आला. हा दुसरा आकडा दाखवून आज तयार सिस्टीम विकल्या जातात. 'बघा, कमावतात ते अल्गोवाले!' मित्रहो, हेच ते ओलं सरपण. त्या संस्थांकडे अल्गो आहे, हे खरं. त्यांच्याकडे वेग आहे, नगण्य खर्च आहे, अफाट भांडवल आहे, हेही खरं. धूर कशाचा, हे तो आकडा सांगत नाही. तुमच्या हाती येतो तो तापलेला लोखंडाचा गोळा.

तर आमचा अभिप्राय असा. फेथचं पुस्तक वाचावं, कसोटीवरचं प्रकरण दोनदा वाचावं. नियमांची कसोटी कशी घ्यावी हे ते प्रामाणिकपणे शिकवतं. पण पाळणाऱ्याची कसोटी घेताना ते फक्त त्याचं मन तपासतं, त्याचं घर तपासत नाही. ती उणीव वाचकाने स्वतः भरून काढायची आहे. वहीत आणखी एक रकाना आखा. त्यात मुलीची फी लिहा, आईचं औषध लिहा, सोसायटीची वर्गणी लिहा. मग त्या रकान्यासकट लागोपाठ दहा तोटे मांडून बघा. बेरीज जमत असेल, तर पुढचा विचार करा. नसेल, तर पद्धत कितीही चांगली असो, ती तुमची नव्हे.

तो विद्यार्थी मागच्या महिन्यात पुन्हा आला होता. आलेख बंद केला होता त्याने. म्हणाला, "सर, रकाना आखला. पहिल्या पानावरच थांबलो." आम्हाला बरं वाटलं, एवढंच सांगतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.