लवकर सुरुवात, पण कशाची?

आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी नववीपासूनच करावी का, असे पालक शिक्षकांना विचारतात. क्लास लावायचा नसेल तर बहुधा एकाच पुस्तकाचे नाव पुढे येते : एच. सी. वर्मा यांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’. पाटण्याच्या भारती भवनने १९९२ साली प्रसिद्ध केलेले हे दोन खंडांचे पुस्तक स्वतःच्या बळावर अभ्यास करणाऱ्याला कितपत उपयोगी पडते, ते पाहू या.

पुस्तकाचे खरे बळ प्रकरणाच्या शेवटी दिसते. तेथे आधी लघुत्तरी प्रश्न, मग पर्यायी प्रश्न आणि शेवटी आकडेमोडीची उदाहरणे असा क्रम आहे. अनेक विद्यार्थी लघुत्तरी प्रश्न वगळून थेट उदाहरणांकडे वळतात. आमच्या मते घोटाळा येथेच होतो. टेबलावरील विटेचे वजन आणि टेबलाने विटेला वर ढकलणारे बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? सूत्रात आकडे घालून याचे उत्तर मिळत नाही. ही दोन्ही बले एकाच विटेवर आहेत. क्रिया आणि प्रतिक्रिया मात्र दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. हे स्वतःला उमगले की पुढची उदाहरणे तितकी जड जात नाहीत.

मर्यादाही सांगायला हव्यात. दुसऱ्याच प्रकरणात सदिश, विकलन आणि संकलन येते. नववीच्या मुलांकडे हे गणित नसते. शिवाय स्वाध्यायातील उदाहरणांची केवळ उत्तरे दिली आहेत, रीत नाही. बाजारातील रीतीच्या पुस्तिका ही अडचण दूर करतात खऱ्या; पण अडून बसण्याची, म्हणजेच शिकण्याची, संधीही हिरावून घेतात.

१६ वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासात प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा नववीतली सुरुवात शाळेतच व्हायला हवी, आणि ती या पुस्तकाने करू नये. त्या वयात मुलांच्या हाती दोरा, खडा आणि घड्याळ द्यावे. लंबकाच्या वीस आंदोलनांचा काळ मोजू द्यावा. खडा जड घेतला तरी काळ तोच का राहतो, हे विचारावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.

एखादा प्रश्न घेऊन चार दिवस बसण्याची सवय ज्यांना लागली, त्यांना अकरावीत वर्मांचे पुस्तक एकट्याने वाचता येईल. इतरांसाठी ते आणखी एक गाईड ठरेल.