वारस खरा, पण कोणापुढे?

गुप्त वारसाच्या गोष्टीत दोन कामं असतात. वारस कोण हे वाचकाला कळायला हवं, आणि राज्याने त्याला मानायला हवं. सिनेमा पहिल्या कामात रमतो. दुसरं बहुतेकदा उरकतो.

टॉल्किनचा अ‍ॅरागॉर्न घ्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीत त्याला आपल्या हक्काबद्दल फारशी शंका नाही. पूर्वजांची मोडकी तलवार त्याच्याजवळच असते, मोहिमेवर निघण्याआधी ती पुन्हा घडवली जाते, आणि वाटेत अडवणाऱ्या घोडेस्वारांनाही तो आपलं कूळ ठणकावून सांगतो. अडचण आहे ती ज्या राज्याचा तो वारस आहे, त्या गोंडोरची. हजारेक वर्षांपूर्वी त्याच्याच पूर्वजाने, आर्व्हेडुईने, या गादीवर दावा केला होता आणि तिथल्या दरबाराने तो फेटाळला होता. म्हणून लढाई जिंकूनही अ‍ॅरागॉर्न निशाण गुंडाळतो आणि राजधानीच्या वेशीबाहेर तंबू ठोकतो. शहरात येतो तो जखमींवर उपचार करायला. खऱ्या राजाच्या हाताला गुण असतो ही जुनी समजूत आठवते ती शुश्रूषागृहातल्या एका बडबड्या म्हातारीला, आणि बातमी गावभर होते. पुढे अभिषेकाच्या वेळी कारभारी फॅरामिर जमलेल्या लोकांनाच विचारतो: हा राजा हवा का? लोक होकार देतात.

पीटर जॅक्सनच्या तीन चित्रपटांत (२००१-०३) हाच माणूस स्वतःच्या रक्ताला बिचकतो. मोहीम ठरवणाऱ्या सभेत त्याची ओळख तो स्वतः नाही, सोबती लेगोलास करून देतो. तलवार थेट तिसऱ्या भागात एल्फांचा नायक एल्रॉन्ड घेऊन येतो, वर उपदेशही करतो. वारसाने स्वतःची समजूत घातली की दावा सिद्ध! हा तोतया तर नाही ना, अशी शंका शहरातल्या सामान्य माणसाला येतच नाही. शुश्रूषागृहाचा प्रसंग चित्रपटगृहांतल्या आवृत्तीत नव्हताच. नंतरच्या लांबवलेल्या आवृत्तीत तो ओझरता येतो. एक भर मात्र मला मुळाहून सरस वाटते. फॅरामिरचा थोरला भाऊ बोरोमिर आधी राजाची गरजच नाकारतो आणि मरताना अ‍ॅरागॉर्नला राजा मानतो. कादंबरीत तो आपल्या लोकांना वाचव, एवढंच विनवतो. राजकारण पडद्यावर दोन माणसांतही मावतं, हे जॅक्सनला तिथे नेमकं उमगलं आहे.

अँड्र्यू अ‍ॅडमसनच्या ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये (२००८) उलटं घडतं. मूळ कादंबरीत वारस कॅस्पियनचा काका मिराझ केव्हाच राजा होऊन बसलेला. चित्रपटात तो सरदारांना वळवत, दबाव आणत मुकुटापर्यंत पोचतो. गादी बळकावण्याची रीत दिसते, म्हणून पुतण्याच्या दाव्यालाही वजन येतं.

‘स्टारडस्ट’ने (२००७) मात्र नील गेमनच्या कादंबरीतली गंमतच घालवली. तिथे आपण वारस आहोत हे कळल्यावरही नायकाला सिंहासनाची घाई नाही. राज्य आईवर सोपवून तो प्रेयसी यव्हेनबरोबर वर्षानुवर्षं भटकतो. चित्रपटात चेटकिणी मेल्या, वारसाची ओळख पटवणारं माणिक त्याच्या हातात लाल झालं, की लगेच राज्याभिषेक.