सहकार्याचे विज्ञान आणि चाकणचा कंत्राटी कामगार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्राणी परस्परांना सहकार्य का करतात, या प्रश्नाला डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये रक्तसंबंधाच्या आधारे उत्तर दिले. रक्तसंबंध नसलेल्यांच्या सहकार्याचे विवेचन रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांच्या ‘द इव्होल्यूशन ऑफ को-ऑपरेशन’ (१९८४) या ग्रंथात आढळते. त्यांच्या संगणकीय स्पर्धेत ‘जशास तसे’ हे साधे धोरण सरस ठरले. मात्र त्याच दोघांची पुन्हा गाठ पडण्याची पुरेशी शक्यता, ही त्याची अट होय. पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या अटीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
राघवेंद्र गदगकर यांनी ‘सर्व्हायव्हल स्ट्रॅटेजीज’ (१९९७) या ग्रंथात गांधीलमाशीच्या वसाहतीचे मर्म उलगडले आहे. ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीतील कामकरी माशा एकमेकींच्या फार जवळच्या नात्यातल्या नसतात. शिवाय स्वतंत्र घरटे बांधण्याचा मार्गही त्यांना खुला असतो. तरीही बहुतेक जणी इतरांची पिले वाढवतात. याचे एक कारण असे की, एकटी माशी मध्येच मेली तर तिचे सारे श्रम वाया जातात. वसाहतीत मात्र तिचे अपुरे काम इतर पूर्ण करतात. मध्येच गेलेलीच्या श्रमालाही फळ लाभते.

हा निकष कारखान्यास लावला असता वेगळे चित्र दिसते. कायम व कंत्राटी कामगार एकाच असेंब्ली लाइनवर शेजारी उभे असतात. परंतु वेतनकरार होण्यापूर्वीच कंत्राटी कामगाराची मुदत संपू शकते. लढ्याची जोखीम त्याची, फळ मात्र इतरांचे. अशा स्थितीत त्याच्या अलिप्ततेला स्वार्थ अथवा एकीचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल.

कायम कामगारांनाही भविष्यातील वाट्याचे महत्त्व उमगले होते. २५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात सुरू झालेला संप सुमारे ५० दिवस चालला. नाममात्र दराने समभाग मिळावेत, ही त्यातील एक मागणी होती. ती उद्योगाच्या भावी फळात वाटा मागणारी होती. ती मान्य झाली नाही.

येथेच सिद्धांताची मर्यादा स्पष्ट होते. माशीची मुदत मृत्यू ठरवतो, कंत्राटाची मुदत माणूस ठरवतो. भावी भेटींचे महत्त्व वाढवावे, असे अ‍ॅक्सेलरॉड सुचवतात. परंतु त्या भेटी मोजक्या ठेवण्यात कोणाचे हित असते, हा प्रश्न त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी येत नाही. मागणीतील चढउतारामुळे लवचीक मनुष्यबळ हवे, हा उद्योगांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. तथापि त्या लवचीकतेचा भार एकाच घटकावर पडतो.

निष्कर्ष :
सहकार्य हा केवळ स्वभावाचा प्रश्न नसून मुदतीचा व फळाच्या हमीचा प्रश्न आहे. प्राण्यांत ही हमी उत्क्रांतीतून घडली. मानवी समाजात ती करारातून व कायद्यातून घडवावी लागते. त्यामुळे कामगारांत एकी का नाही, असे विचारण्यापूर्वी त्या एकीला लागणारा काळ त्यांना मिळतो का, हे तपासणे अगत्याचे ठरते.