मधपेटी कोणाच्या सोयीची?

जेम्स सी. स्कॉट (1936–2024) यांची ओळख राज्यशास्त्रज्ञ, शेतकरी समाजांचे अभ्यासक आणि येल विद्यापीठातले प्राध्यापक अशी करून दिली जाते. कनेक्टिकटमधल्या ड्युरम गावी ते मेंढ्या आणि मधमाश्याही पाळत, हे वाक्य जाता जाता शेवटी येते. ते वर घ्यायला हवे. कारण त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच मधमाश्या येऊन बसल्या आहेत.

ते पुस्तक ‘सीइंग लाइक अ स्टेट’ (1998). जमीन, जंगल, माणसे लांबून वाचता यावीत म्हणून राज्यसंस्था त्यांना सरळ रेषेत बसवते, हा त्याचा गाभा. जर्मन वनखात्यांनी रांगेत लावलेली एकाच जातीची झाडे, टांझानियातली ‘उजामा’ गावे ही त्यातली उदाहरणे पुष्कळांना ठाऊक असतात. दृष्टान्त मात्र पोळ्याचा आहे. जुन्या गवती टोपलीतल्या पोळ्यातून मध काढायचा तर माश्या हाकलाव्या लागत, पुष्कळदा वसाहतच उद्ध्वस्त होई. आधुनिक मधपेटीत राणीला वर येऊ न देणारी जाळी असते. अंडी-पिल्ले खाली, मध वरच्या चौकटींत. चौकटींमधली फट नेमकी, सुमारे तीन अष्टमांश इंच ठेवली, की माश्या ती बुजवत नाहीत आणि चौकट अलगद उचलता येते. पाळणाऱ्याने तोलून पाहावे, हिवाळ्यापुरता मध ठेवावा, उरलेला न्यावा. राज्यही रयतेची अशीच पेटी करू पाहते, असे स्कॉट सुचवतात.

दृष्टान्त अस्सल आहे, पण तो त्यांच्याच हातून निसटतो. पेटीमुळे पाळणाऱ्याची सोय झाली हे खरे. पण वसाहतही जगली. जुन्या पद्धतीत ती मरत असे, हे स्कॉट स्वतःच सांगतात आणि पुढे जातात. मला तिथे थांबावेसे वाटते.

कारण याच स्कॉटनी 1978 ते 1980 मलेशियातल्या केदा राज्यातल्या एका गावात राहून ‘वेपन्स ऑफ द वीक’ (1985) लिहिले. गावाला त्यांनी ‘सेदाका’ हे टोपणनाव दिले. कालव्याने भाताची दोन पिके आली, पाठोपाठ कापणी-मळणीचे यंत्र आले, आणि गरिबांची मजुरी गेली. त्यांची कुचराई, कुजबूज, लहानसहान चोऱ्या यांकडे स्कॉटनी किती बारकाईने पाहिले! तिथे गाव एक नव्हते. यंत्र भाड्याने आणणारा आणि त्यामुळे उपाशी राहणारा शेजारी होते. 1998 च्या पुस्तकात मात्र एका बाजूला राज्य आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक जाणकारी उरते. त्या जाणकारीच्या आतला वरचढ माणूस फिका होतो. (छंदाच्या शेतीत भाऊबंदकी नसते, हेही कदाचित एक कारण असेल.)

माझी आत्या विधवा. सातबाऱ्यावर तिच्या दिराचे नाव, ‘एकत्र कुटुंब पुढारी’ म्हणून. कोणाचा बांध कुठवर, कोणते वावर कोण कसते, हे गावाला तोंडपाठ होते. आत्या बावीस वर्षे स्वतः नांगर धरते हेही. गारपीट झाली तेव्हा भरपाई दिराच्या खात्यावर गेली आणि गावात कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढे फेरफार होऊन तिचे नाव लागले. त्या उताऱ्याला तिने प्लास्टिकचे आवरण घालून घेतले आणि ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवला. मी स्कॉट वाचायला घेतले तेव्हा तो अजून तिथेच होता.