रूळ खरे, इंजिन खरं, मग गाडी खोटी कशी?

संशोधन-प्रस्ताव लिहिताना तुमच्या टिपणात 'हा वारसा जपला पाहिजे' असं वाक्य आलं, तर त्याखाली लाल रेघ मारा आणि स्वतःला विचारा: जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं? प्रश्न अगदी साधा वाटतो. मलाही वाटला होता. पण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गोदीतली छोटी वाफेची गाडी बघून आले आणि माझं उत्तर तीनदा बदललं. ते का बदललं, हे आज तुम्हाला सांगते. त्या गाडीची ही समीक्षा समजा. समीक्षा फक्त पुस्तकाची किंवा सिनेमाचीच होते असं नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. ब्रिस्टलची जुनी गोदी शहराच्या मधोमध आहे. एव्हन नदीला प्रचंड भरती-ओहोटी येते. ओहोटीला जहाजं चिखलात बसायची. म्हणून १८०९ मध्ये नदीचा जुना प्रवाह दरवाजांनी अडवून पाण्याची पातळी कायम राखली. त्याला नाव पडलं 'फ्लोटिंग हार्बर'. त्याच्या धक्क्यावर आता 'एम शेड' हे शहराचं संग्रहालय आहे. समोर बाथच्या स्टॉदर्ट अँड पिट कंपनीच्या चार विजेच्या क्रेन उभ्या आहेत. त्यांचे पाय कमानीसारखे फाकलेले, कारण खालून मालगाडीचे डबे जावेत अशीच त्यांची रचना. आणि फरसबंदीत रुतलेले रूळ. या रुळांवरून संग्रहालय ठरावीक दिवशी गाडी चालवतं. एक बुटकं इंजिन, मागे बाकं टाकलेला उघडा डबा. सायकलवाले, बाबागाड्या, हातात कॉफी घेतलेली माणसं यांच्यातून ती शिटी देत हळूहळू 'एस.एस. ग्रेट ब्रिटन' या १८४३ च्या जहाजाच्या दिशेला जाते. वाटेत १८७८ ची फेअरबेर्न वाफेची क्रेन लागते, पस्तीस टन उचलणारी. फेरी थोडक्यात संपते. उतरताना कपड्यांना कोळशाचा वास येतो आणि मुलं परत बसायचा हट्ट धरतात.

माझं पहिलं उत्तर इथेच तयार झालं: हे सगळं जपलं पाहिजे, कारण हे 'अस्सल' आहे.

आता थोडं खणू. ही लाइन १८७२ मध्ये सुरू झाली. टेंपल मीड्स स्टेशनपासून गोदीपर्यंत रूळ आणायचे तर मध्ये सेंट मेरी रेडक्लिफ चर्चचं दफनस्थान आडवं येत होतं. त्याच्याखालून बोगदा काढला आणि तिथले मृतांचे अवशेष अर्नोस व्हेलला हलवले. हो, राजा राममोहन रॉय यांची छत्री जिथे आहे तेच अर्नोस व्हेल. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूने, फिरत्या पुलावरून, आणखी एक फाटा आला. त्याच सुमारास तिथे तंबाखूची लालभडक विटांची अवाढव्य गोदामं उभी राहिली. स्टेशनकडचा जुना दुवा १९६४ मध्ये बंद झाला. शहरातली गोदी व्यापारी जहाजांसाठी १९७५ मध्ये बंद झाली. कोळशाच्या गाड्या मात्र १९८७ पर्यंत येत राहिल्या.

या हकिकतीत एक गोष्ट खटकली का? ही सगळी मालवाहतुकीची लाइन होती. प्रवासी गाडी इथे कधी धावतच नव्हती. म्हणजे बाकावर बसून आपण जी फेरी मारतो, तशी फेरी त्या काळात कोणीच मारलेली नाही.

आता इंजिनं बघा. एकाचं नाव 'पोर्टबरी', १९१७ सालचं, एव्हनसाइड कंपनीने बांधलेलं. दुसरं 'हेनबरी', १९३७ सालचं, पेकेट कंपनीचं. दोन्ही कंपन्या ब्रिस्टलच्याच, त्यामुळे इंजिनं अगदी घरची. पण त्यांची नोकरी झाली ती नदीच्या मुखाशी असलेल्या एव्हनमाउथच्या मोठ्या गोदीत. शहरातल्या या धक्क्यावर माल ओढायची ती ग्रेट वेस्टर्न रेल्वेची इंजिनं. म्हणजे रूळ खरे, इंजिनही खरं, पण त्यांची जोडी संग्रहालयाने जमवलेली. गाडीत प्रवासी बसवले तेही संग्रहालयाने. माझं दुसरं उत्तर झालं: मग हे नाटकच की!

संशोधनाच्या सुरुवातीला बहुतेक जण याच उत्तरावर थांबतात. कारण एखाद्या गोष्टीचं बिंग फोडलं की आपण फार चिकित्सक आहोत असं वाटतं. या उत्तराला जुनी परंपराही आहे. रॉबर्ट ह्यूइसन यांनी १९८७ मध्ये 'द हेरिटेज इंडस्ट्री' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा रोख असा की, कारखाने बंद पडत चाललेला देश आता वस्तूंऐवजी भूतकाळ तयार करून विकतो आहे. बंद गोदीत धावणारी सहलीची गाडी हे या मांडणीचं नमुनेदार उदाहरण ठरेल. पण १९९४ मध्ये रॅफेल सॅम्युअल यांनी 'थिएटर्स ऑफ मेमरी' मध्ये उलट बाजू मांडली. त्यांचं म्हणणं, वारशाची ही आवड फक्त वरून लादलेली नाही. सुट्टीच्या दिवशी हात काळे करणाऱ्या साध्या माणसांनी इतिहास स्वतःच्या ताब्यात घेण्याचा तो एक मार्ग आहे. तुम्ही दोन्ही वाचा. आणि मग कोण बरोबर हे ठरवायची घाई न करता परत धक्क्यावर या, पण या वेळी सकाळी लवकर.

कारण गाडीचा खरा प्रयोग प्रवासी येण्याआधी सुरू होतो. वाफेचं इंजिन किल्ली फिरवून चालू होत नाही. आधी भट्टीतली राख काढायची, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बघायची, विस्तव पेटवायचा, आणि दाब चढेपर्यंत काही तास थांबायचं. घाई केली तर धातू असमान तापतो आणि सांधे गळायला लागतात. कोळसा किती, कुठे आणि कधी टाकायचा हे पुस्तकात असतं, पण पुस्तकातून येत नाही. तेल घालणारा माणूस कुठल्या सांध्यापाशी जास्त वेळ रेंगाळतो, ते बघून शिकणारा शिकतो. हे बघितल्यावर माझं तिसरं उत्तर आलं, आणि सध्या मी त्यावर ठाम आहे. या गाडीत अस्सल काय आहे? काम.

१९९४ च्या नारा दस्तऐवजाने वारशाच्या जगात हीच दिशा दाखवली. अस्सलपणा फक्त मूळ साहित्यात शोधू नका. वापर, कार्य, परंपरा आणि तंत्र यांतही तो असू शकतो, असं तो सांगतो. या कसोटीवर ब्रिस्टलची गाडी पास होते. तिने भूतकाळाची प्रतिकृती दिलेली नाही. तिने एक कौशल्य चालू ठेवलं आहे.

पण समीक्षा म्हटली की उणं काय तेही लिहायला हवं. या फेरीत गोदी फार गोड दिसते. शंटिंग हे धोक्याचं काम. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून जोडणी करायची, तीही ओल्या दगडावर, अंधारात. शिवाय गोदीतलं काम जहाज आलं तर मिळणार, नाही आलं तर नाही. संग्रहालयाच्या आत कामगारांची गोष्ट आहे, पण बाहेरच्या फेरीत ती पोचत नाही. मुलाला शिटी ऐकू येते, पण ती शिटी कोणाला बाजूला सरकवण्यासाठी वाजायची ते कळत नाही. फेरीत नुसतं एवढं सांगितलं की 'या लाइनवर प्रवासी कधीच नव्हते, तुम्ही आज मालाच्या जागी बसला आहात', तरी अनुभव बिघडणार नाही, उलट खोल होईल. प्रदर्शनाने आपली जुळवणी उघड केली तर त्याची किंमत कमी होते, ही भीती मला निराधार वाटते.

आता भवितव्याचा प्रश्न. 'गाडी राहणार का?' असं एकच वाक्य विचारू नका, त्याचे तुकडे करा. इंजिन राहील, ते लोखंड आहे, रंग देऊन दालनात उभं करता येतं. पण वाफेच्या इंजिनाचा बॉयलर साधारण दहा वर्षांनी उतरवून, उघडून दुरुस्त करावा लागतो, आणि तो खर्च तिकिटातून निघणं अवघड. रूळ राहतील का? पूर्वी ही गाडी पश्चिमेला तंबाखूच्या 'बी बाँड' गोदामापर्यंत जायची. पुढे त्या बाजूच्या जुन्या रेल्वे-पुलावर बस आली, आणि जानेवारी २०२० मध्ये लाइनलगतची नदीकाठची भिंत ढासळली. लाइन आखूड झाली. कोळसा? ब्रिटनमधल्या खाणी बंद होत गेल्या. वेल्समधली फॉस-वाय-फ्रॅनची मोठी उघडी खाण २०२३ च्या नोव्हेंबरात थांबली. आता वाफेच्या गाड्यांना इंधन बाहेरून आणावं लागतं किंवा पर्याय शोधावा लागतो. त्यात ब्रिस्टल हे २०१८ मध्ये हवामान आणीबाणी जाहीर करणारं शहर, आणि ही गाडी त्याच नगरपालिकेच्या संग्रहालयाची. एकीकडे धूर कमी करा, दुसरीकडे धुराची गाडी चालवा! हा विरोधाभास हसण्यावारी नेऊ नका. प्रबंधाचं एक प्रकरण त्यात आहे.

आणि सगळ्यात नाजूक तुकडा म्हणजे माणसं. ब्रिटिश रेल्वेवरची नियमित वाफेची सेवा १९६८ मध्ये संपली. त्या काळात फायरमन असलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याच्याकडून शिकलेले स्वयंसेवक गाडी चालवतात. गाडी एक हंगाम थांबली तर इंजिनाचं फारसं बिघडत नाही. चार-पाच हंगाम थांबली तर शिकवणारे आणि शिकणारे पांगतात. नंतर पैसे आले तरी ती साखळी विकत मिळत नाही. म्हणून 'तात्पुरतं बंद' हा शब्द फाइलमध्ये निरुपद्रवी दिसला, तरी चालत्या वारशासाठी तो सगळ्यात घातक असू शकतो.

हे वाचताना तुमच्या मनात मुंबई आली असेल. मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली. बॅलार्ड पियर मोल स्टेशनात बोटीवरून उतरलेले प्रवासी थेट फ्रंटियर मेलमध्ये बसायचे. म्हणजे ब्रिस्टलच्या बरोबर उलट: तिथे प्रवासी कधी नव्हते आणि आज आहेत, इथे प्रवासी होते, पण ते स्टेशन आता फक्त जुन्या फोटोंत भेटतं. पूर्व किनाऱ्याच्या विकासाची चर्चा निघते तेव्हा आपण इमारतींची यादी करतो. शंटिंग केलेल्या, पॉइंट बदललेल्या, वाघिणी मोजलेल्या माणसांची यादी कोणी करतंय का? इमारत दहा वर्षांनीही मोजता येईल. माणसाची मुलाखत घ्यायची तर आत्ताच घ्यावी लागेल.

तर कामाचं. तुमचा विषय किल्ला असो, गिरणी असो, तमाशाचा फड असो, वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: मूळ काय, नंतर जुळवलेलं काय, आणि थांबलं तर काय नष्ट होईल. पहिल्या रकान्याने तुमची भाबडी भक्ती जाईल. दुसऱ्याने हुशारीचा तोरा येईल, तो लगेच उतरवा. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो, कारण तो ग्रंथालयात बसून भरत नाही. त्यासाठी पहाटे उठून विस्तव पेटवणाऱ्या माणसापाशी जाऊन उभं राहावं लागतं.